ओल्या मातीतली तहान

सावंतवाडीजवळच्या आमच्या रोपवाटिकेत आषाढातल्या एका सकाळी शेजारच्या गावातल्या काकू कुंडी पोटाशी धरून आल्या. वैशाखातल्या वळिवाने त्यांच्या आंब्याची फांदी मोडली होती आणि तिच्यावरची सीतेची वेणी, म्हणजे झाडांच्या फांद्यांवर वाढणारे एक ऑर्किड, जगावी म्हणून त्यांनी ती तांबडी माती व शेणखत घालून कुंडीत लावली होती. "रोज दोन तांबे पाणी घालतंय रे बाबू, तरी झाड सुकत चल्ला," असे सांगताना त्यांचा आवाज कापत होता.

पाने लांबीच्या दिशेने सुरकुतली होती. झाड तहानलेले आहे असे कोणीही म्हटले असते, आणि ते खरेही होते. माती मोकळी करताच आंबूस वास आला. एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढले, तर वरचे आवरण भिजलेल्या बदामाच्या सालीसारखे निसटून हातात आले आणि आत केवळ दोऱ्यासारखी शीर उरली. चौदा मुळांपैकी तीनच धड होती, आणि तीही मातीच्या वर, हवेत राहिलेली.

"मग रानात चार महिने पाऊस कोसळतो, तेव्हा ती कुजत कशी नाही?" हा काकूंचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. या मुळांवर मृत पेशींचा स्पंजासारखा थर असतो, त्याला व्हेलामेन म्हणतात. सरीचे पाणी तो झटकन टिपतो आणि आतल्या जिवंत भागाला पुरवतो. कोरडा असताना पांढुरका दिसणारा हा थर भिजला की आतला हिरवा रंग उमटतो. फांदीवरचे पाणी ओघळून जाते, मुळाला सतत वारा लागतो आणि पावसाने उसंत घेताच ते सुकू लागते. चिकट मातीत मात्र हवा कोंडते, मूळ गुदमरून कुजते आणि कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नाही. पुष्कळ जण या झाडाला बांडगूळ समजून तोडतात, त्याचे मला वाईट वाटते. बांडगूळ यजमान झाडात मुळे घुसवून रस घेते, ही वेणी सालीला फक्त धरून राहते.

चाकू ज्योतीवर तापवून, गार करून मी कुजकी मुळे छाटली आणि झाड दिवसभर सावलीत, वाऱ्यावर टांगून ठेवले. दुसऱ्या दिवशी काकूंच्याच आंब्याच्या खोडावर, पूर्वेच्या बाजूला, ते काथ्याच्या दोरीने बांधले. पावसाळ्यात पाणी मुळीच घालायचे नाही. उन्हाळ्यात सकाळी फवारा मारायचा, आणि मूळ पुन्हा पांढुरके झाल्याशिवाय दुसरा नाही, एवढेच सांगितले.

पाच आठवड्यांनी गेलो, तेव्हा खालच्या पानाच्या बेचक्यातून हिरव्या टोकाचे नवे मूळ फुटून सालीच्या भेगेत शिरले होते. पुढच्या वैशाखात फूल आले नाही, पण पानांवरच्या सुरकुत्या पुष्कळ कमी झाल्या होत्या.