धूर बंद, डोस तोच

मनोरुग्णालयाच्या बंद वॉर्डात सिगारेटला काय मोल असतं, ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. आमच्याकडे प्रत्येकाचं पाकीट नाव घालून नर्सिंग स्टेशनच्या कुलपातल्या कपाटात असायचं आणि काडेपेटी मामांच्या, म्हणजे वॉर्डबॉयच्या, खिशात. ठरलेल्या वेळी रांग लागायची. गोळ्यांच्या रांगेत ज्यांना हाताला धरून आणावं लागे, तीच माणसं सिगारेटच्या रांगेत कधीची येऊन उभी असायची. सगळा वॉर्ड त्यावर चालायचा. "आंघोळ केलीस की मिळेल." "आरडाओरडा केलास तर संध्याकाळची बंद." दुबळ्या रुग्णाचा स्वेटर एका थोटकापायी दुसऱ्याच्या अंगावर गेलेला दिसायचा. बायकांच्या वॉर्डात तर एका झुरक्यासाठी काय काय सोसलं जायचं, ते लिहवत नाही.

म्हणून आवारभर धूम्रपानबंदीचा आदेश आला तेव्हा मी बंदीच्या बाजूची होते, आजही आहे. "ही आमच्या रुग्णांची शेवटची मोकळीक आहे" असं बैठकीत कळवळून सांगणाऱ्यांनी ती रांग कधी पाहिली नव्हती. ज्या वस्तूसाठी माणसाला दिवसभर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं, तिला स्वातंत्र्य म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पण त्याच बैठकीत आमच्या समाजसेविका मॅडमनी एक मुद्दा मांडला आणि तो मात्र माझ्या मनातून जाता जात नाही. त्या म्हणाल्या, बाहेरच्या माणसाला कायदा सांगतो, इथं ओढू नको. तो घरी जातो, आपल्या गच्चीवर ओढतो. आपला रुग्ण कुठं जाणार? तो स्वतःहून आलेला नाही आणि स्वतःहून जाऊ शकत नाही. इतरांसाठी ही जागेपुरती बंदी आहे, त्याच्यासाठी संपूर्ण बंदी आहे.

हा वाद नवा नाही. इंग्लंडमधल्या मानसोपचार विभागांना २००८ च्या जुलैत धूम्रपानबंदी लागू झाली. रॅम्प्टन या कडेकोट बंदोबस्ताच्या रुग्णालयातले रुग्ण कोर्टात गेले. आम्ही इथं वर्षानुवर्षं राहतो, हे आमचं घर आहे, घरात काय करावं हा आमचा प्रश्न, असं त्यांचं म्हणणं. २००९ मध्ये अपील न्यायालयाने ते बहुमताने फेटाळलं, एका न्यायाधीशाचं मत वेगळं पडलं. पुढं स्कॉटलंडच्या अशाच रुग्णालयातल्या एका रुग्णाने सिगारेट जवळ बाळगण्यावरची बंदी, त्यासाठीची झडती आणि जप्ती यांना आव्हान दिलं आणि २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. ओढायची मुभा त्याला त्यातून मिळाली नाही. रुग्णालयाने झडती-जप्ती करताना कायद्यातल्या अटी पाळल्या नाहीत, एवढंच ठरलं. मला हा दुसरा निकाल जास्त जवळचा वाटतो. बंदी घाला, पण ती घालताना माणसाच्या बाबतीत जे जे करायला तुम्ही बांधील आहात, ते सगळं करा.

आता काकांची गोष्ट.

काका पन्नाशी ओलांडलेले. स्किझोफ्रेनिया, दोन औषधांनी गुण आला नाही म्हणून क्लोझापिनवर. हे औषध म्हणजे आमच्याकडचा शेवटचा आणि सगळ्यात गुणकारी उपाय. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटून रुग्ण दगावले आणि ते बाजूला पडलं. बऱ्याच वर्षांनी परत आलं ते रक्ततपासणीची अट घेऊनच. पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला पेशी मोजायच्या. त्यामुळे क्लोझापिन म्हटलं की वॉर्डातल्या प्रत्येकाला पेशींचा आकडा पाठ असतो. काकांचा आकडा अगदी छान होता. कानात येणारे आवाज थांबले होते, वर्तमानपत्र वाचायला लागले होते. आणि रांगेत सगळ्यात पुढं उभे असायचे. दिवसाचं एक पाकीट.

बंदी लागू झाली त्या सकाळी त्यांना तलफ भागवायला निकोटिनचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची पट्टी, लावला आणि वरून च्युइंगगम दिला. हा गम गोळीसारखा चघळून टाकायचा नसतो. थोडा चावायचा, जिभेला झणझणलं की गालात दाबून ठेवायचा, झणझण ओसरली की पुन्हा चावायचा. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं. लाळेबरोबर पोटात गेलं तर बरंचसं यकृतातच संपतं, मिळते फक्त मळमळ. रुग्णाशेजारी बसून हे शिकवावं लागतं. पाकीट हातात ठेवलं आणि सही घेतली म्हणजे गम दिला, असं होत नाही. बहुतेक ठिकाणी मात्र तेवढंच होतं.

पहिले दोन दिवस काका चिडले, येरझाऱ्या घातल्या, मामांना शिव्या दिल्या. मग निवळले. दुपारी झोपायला लागले. हाक मारली की "हं" म्हणायचे आणि पुन्हा डोळे मिटायचे. आठवडा होत आला तेव्हा आढावा बैठकीसाठी वॉर्डाचा अहवाल तयार झाला. त्यात काकांचं उदाहरण होतं: रुग्ण शांत, बंदी स्वीकारली आहे, आक्रमकता नाही.

मी त्या आठवड्यात दुसऱ्या वॉर्डात होते. परत आले ती रात्रपाळी संपता संपता, सकाळच्या औषधांच्या वेळेला. काकांची उशी पाहिली. क्लोझापिनने झोपेत लाळ गळते, उशीवर ओला डाग हे नेहमीचं. पण त्या दिवशी उशी पिळून निघेल इतकी ओली होती आणि खाली गादीपर्यंत ओल गेली होती. उठवून बसवलं तर बोबडं बोलत होते. आडवं असताना आणि उभं करून रक्तदाब घेतला, उभं राहताच घसरला. शौचाचा तक्ता काढला. चार दिवस रकाना कोरा. क्लोझापिनवरच्या माणसाचा हा रकाना कोरा दिसला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण या औषधाने आतडं थंडावतं आणि त्यातून जीव जाऊ शकतो. पाण्याचा पेला हातात दिला तर हाताला हिसका बसून पेला उडाला. पुन्हा दिला, पुन्हा हिसका. हा थरथरण्याचा प्रकार नव्हता. असे झटके आले की पाठोपाठ फिट येऊ शकते.

सकाळची गोळी मी दिली नाही. ट्रेमध्ये तशीच ठेवली, वहीत वेळ आणि कारण लिहिलं आणि निवासी डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर तरुण, हुशार आणि सलग ड्युटीनं थकलेले. म्हणाले, "सिस्टर, सिगारेट सुटल्याची सुस्ती आहे ही. पॅच लावलाय ना? निकोटिन चालू आहे, मग काय बदललं?"

धूर बदलला होता. इतक्या वर्षांत हे मी किती जणांना समजावलं असेल, आणि दर वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर तेच आश्चर्य. क्लोझापिनचा निचरा यकृतातलं सीवायपी-१ए२ नावाचं एक विकर (एन्झाइम) करतं. तंबाखू जळते तेव्हा निघणाऱ्या धुरात काही हायड्रोकार्बन्स असतात, ती या विकराचं प्रमाण वाढवतात. त्यामुळे सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगातून औषध लवकर बाहेर पडतं आणि त्याला गुण येण्यासाठी डोसही जास्त लागतो. यात निकोटिनचा काही संबंध नाही, म्हणून पॅच लावून उपयोग नाही. तंबाखू नुसती चघळणाऱ्याचंही असं होत नाही, जळलेल्या धुराचंच होतं. धूर थांबला की आठवड्याभरात विकर मूळ पातळीवर येतं आणि कालपर्यंत बेताचा असलेला तोच डोस अंगात साठायला लागतो. रक्तातलं प्रमाण दीडपट, काहींच्या बाबतीत त्याहून जास्त होतं. चहा-कॉफीतलं कॅफीनही हेच विकर पचवतं. सिगारेट सोडलेल्या माणसाची छाती धडधडते, झोप उडते, त्यातला काही भाग नेहमीच्याच पण आता न पचणाऱ्या कॅफीनचा असतो आणि सगळे म्हणतात, तलफ आहे.

म्हणजे आम्ही एका आदेशाने काकांचा डोस वाढवला होता. कुणी लिहून न देता, कुणी सही न करता.

निवासी डॉक्टरांनी वाद घातला नाही, हा त्यांचा मोठेपणा. लगेच मोठ्या सरांना फोन लावला. सर आले, काकांचं पोट दाबून पाहिलं, हातांचे झटके पाहिले. रात्रीच्या गोळीला बारा तास झालेलेच होते, तेव्हा रक्तातलं औषधाचं प्रमाण पाहायला नमुना घेतला. निकाल यायला दिवस लागतात, त्याची वाट न बघता डोस साडेचारशेवरून तीनशे मिलिग्रॅमवर आणला, एनिमा दिला, फिटची तयारी ठेवायला सांगितलं. फिट आली नाही. नंतर आलेला आकडा हजाराच्या पुढं, धोक्याच्या पट्ट्यात होता.

तीन-चार दिवसांत काकांचं बोलणं सुधारलं. पहिलं वाक्य स्पष्ट बोलले ते असं: "सिस्टर, मला विचारलंच नाही कुणी."

खरंच नव्हतं विचारलं. सिगारेट कधी बंद करायची यावर त्यांचं मत घ्यायचा प्रश्न नव्हता, ते मला मान्य आहे. दुसऱ्यांच्या फुप्फुसांचा सवाल होता, वॉर्डात दमेकरी होते. पण कशी बंद करायची, पॅच हवा की गम, हळूहळू की एकदम, त्याने औषधावर काय परिणाम होईल, हे तरी त्यांच्याशी बोलायला काय हरकत होती? जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये तत्त्व मांडलं की दुसऱ्याला इजा होत नसेल तर माणसाच्या मर्जीत कुणी हात घालू नये. व्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने तंबाखूची बाजू घेणारे हे हमखास सांगतात. पण इतरांनी ज्यांची काळजी घ्यावी लागते अशांना मिलनेच त्यातून वगळलं होतं, हे कुणी सांगत नाही. मला ते वगळणंच मान्य नाही. आवाज ऐकू येणारा माणूस सिगारेटबद्दल विचार करू शकत नाही, असं कुठं आहे? काकांना आपल्या पाकिटातल्या सिगारेटी मोजता येत होत्या, आपला खोकला कळत होता.

उलट बाजूलाही मी तितकीच चिडलेली आहे. स्किझोफ्रेनिया असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी मरतात, त्यात हृदय आणि फुप्फुसांच्या आजारांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने १९९२ साली धूम्रपानमुक्तीची अट घातली तेव्हा मनोरुग्ण विभागांना सूट मिळाली. त्या सुटीमागे रुग्णांच्या कुटुंबांच्या संघटनांबरोबर तंबाखू कंपन्याही होत्या. सिगारेट हे या रुग्णांचं एक प्रकारचं औषधच आहे, या समजाला खतपाणी घालणाऱ्या संशोधनालाही कंपन्यांनी पैसा पुरवला. आपल्या रुग्णांच्या "स्वातंत्र्या"ची काळजी सगळ्यात जास्त कुणाला होती, ते यातून दिसतं. सिगारेट सोडल्यावर मन आणखी बिघडतं हेही खरं नाही. सोडून काही आठवडे गेलेल्यांची चिंता आणि उदासी कमी झालेली आढळली आहे, मानसिक आजार असलेल्यांचीसुद्धा.

काकांना घरी सोडायची वेळ आली तेव्हा हा सगळा गुंता पुन्हा समोर आला. त्यांचे धाकटे भाऊ न्यायला आले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, तुम्ही त्यांना सांगा, सरकारने सगळीकडे बंदी केलीय, घरी ओढली तर पोलीस नेतील. तुमचं ऐकतात." भावाचा हेतू वाईट नव्हता. मी नाही म्हटलं. कायदा तसं म्हणत नाही. आणि ज्या माणसाला पोलीस मागावर आहेत असे आवाज वर्षानुवर्षं ऐकू आले, त्याला ही थाप मारायची?

सरांनी काकांना सरळ विचारलं, "बाहेर गेल्यावर ओढणार का?"

काका म्हणाले, "ओढणार."

खोलीत कुणाला हे उत्तर नको होतं. मलाही नको होतं. पण क्लोझापिनच्या बाबतीत हे उत्तर खरं मिळणं यावर सगळं अवलंबून असतं. नाही म्हणून गुपचूप ओढली तर औषधाचं प्रमाण घसरणार, आवाज परतणार, आणि आम्ही म्हणणार, औषध लागू पडेनासं झालं. काकांना मी सगळं समजावलं, विकराचं नावसुद्धा सांगितलं. सिगारेटीने डोस का बदलतो हे त्यांना चटकन कळलं. मग विचारलं, "किती ओढीन ते सांगितलं तर रागवणार नाही ना?"

सरांनी कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं: सिगारेटी वाढल्या किंवा थांबल्या तर त्याच आठवड्यात येऊन डोस पाहून घेणे. भावाला दवाखान्याचा नंबर दिला.

आढावा बैठकीतला तो अहवाल मात्र तसाच फाइलला लागला आहे. "रुग्ण शांत, बंदी स्वीकारली आहे." दुरुस्तीसाठी मी अर्ज दिला आहे, उत्तर आलेलं नाही. भरतीच्या फॉर्मवर धूर ओढणारा की चघळणारा, दिवसाला किती, आणि कोणत्या औषधावर, असे तीन रकाने असावेत हीही मागणी केली आहे. छापून येईपर्यंत आमच्या वॉर्डात आम्ही ते हातानेच आखतो.

काका पहिल्या तपासणीला आले तेव्हा मी खुर्ची पुढं करायच्या आतच म्हणाले, "दिवसाला पाच. कधी सहा." मला पाचही नको आहेत आणि ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "माहीत आहे." सरांनी रक्ताचा नमुना घ्यायला सांगितला आणि निकाल येईपर्यंत डोस तीनशेवरच ठेवला.