तुम्ही विचारलंत म्हणून : नाव त्यांचं, वाक्यं माझी

गेल्या महिन्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकणारी एक मुलगी घरी आली होती. चहा संपायच्या आत तिनं तोच प्रश्न विचारला, जो मला लग्नाकार्यात, बँकेत, सोसायटीच्या सभेत, कुठेही विचारला जातो. उद्योजकांची भाषणं, लेख, आत्मचरित्रं तुम्ही लिहून देता आणि नाव त्यांचं लागतं. यावर घर चालतं का? आणि मनाला लागत नाही का?

घर चालतं. सोळा वर्षं चालतंय. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र भोसरीला जावं लागेल.

त्याआधी मी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या गृहपत्रिकेचं काम पाहायची. कारखान्याच्या अंकातून चांगलं लेखन उभं राहतं यावर माझा विश्वास होता, आजही आहे. किर्लोस्करवाडीला १९२० मध्ये निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’चं पुढे अख्ख्या महाराष्ट्रानं वाचलेलं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. आमची पत्रिका मात्र खर्चकपातीत बंद पडली. तिथून निवृत्त झालेल्या एका साहेबांनी मला भोसरी एमआयडीसीतल्या त्यांच्या मित्राकडे पाठवलं. मित्राचं मशिनिंगचं युनिट होतं, त्याला पंचवीस वर्षं होत होती आणि खंडेनवमीला, यंत्रांची पूजा झाल्यावर, कामगारांपुढे चार शब्द बोलायचे होते.

केबिनमध्ये त्यांनी पुतण्यानं लिहून दिलेला कागद वाचून दाखवला. ‘गुणवत्ता हाच आमचा श्वास, ग्राहक हेच आमचं दैवत.’ वाचून झाल्यावर तेच म्हणाले, “मॅडम, हे बरोबर आहे, पण माझं वाटत नाही.” मी अर्धा तास प्रश्न विचारले. उत्तरंही त्या कागदासारखीच आली. शेवटी मी म्हटलं, साहेब, जरा शॉप दाखवता का?

संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्राच्या बाजूला तयार मालाचा ट्रे होता. बोलता बोलता त्यांनी एक पीस उचलला, कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि पीस वेगळा ठेवला. मी विचारलं, काय झालं? “बर राहिलाय.” बर म्हणजे कापल्यावर कडेला उरलेला धातूचा बारीक कंगोरा. मला काहीच दिसेना. त्यांनी माझं बोट धरून कडेवर टेकवलं. “डोळ्याला नाही दिसत. नखाला लागतो.” मग सांगायला लागले. एकोणिसाव्या वर्षी ते एका वर्कशॉपमध्ये हेल्पर होते. तिथले मिस्त्री माल पाठवण्याआधी प्रत्येक नगावर नख फिरवायचे. दिवसभर फिरवून फिरवून त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख एका बाजूनं झिजलं होतं. एवढं सांगून साहेब थांबले आणि आपलाच अंगठा बघत राहिले.

भाषण त्या नखापासून सुरू झालं. श्वास आणि दैवत दोन्ही गेले.

ही गोष्ट त्यांनी पंचवीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. माझं सगळं काम यात आलं. माणसाला जे येतं, जे त्याच्या हातात मुरलेलं असतं, ते त्याच्या तोंडात नसतं. ते तोंडात येईपर्यंत समोर बसायचं. कागदावर वाक्यं माझी असतात, पण त्यातलं नख माझं नसतं. मग माझं नाव तिथे कशासाठी लागावं? मनाला लागत नाही ते यामुळे.

आमच्या कामाची परंपरा जुनी आहे. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची गोष्ट सांगतात. महाराजांनी एक पत्र लिहायला सांगितलं होतं, ते लिहायचं राहून गेलं आणि ऐन वेळी बाळाजींनी कोऱ्या कागदावरून पत्र घडाघडा वाचून दाखवलं. लोक ही गोष्ट त्यांच्या हजरजबाबीपणासाठी सांगतात. मला त्यात वर्षानुवर्षांचं ऐकणं दिसतं. धनी कुठला शब्द वापरेल, कुठे थांबेल, कुठे चढेल, हे कानात पक्कं बसल्याशिवाय कोरा कागद वाचता येत नाही.

म्हणून मी बोलणं रेकॉर्ड करते आणि ते स्वतः उतरवून काढते, अडखळण्यासकट. प्रत्येकाच्या नावाची एक वही असते. त्यात त्यांचे शब्द. एक साहेब ‘मनुष्यबळ’ कधीच म्हणत नाहीत, ‘माणसं’ म्हणतात. एकजण तोट्याला ‘मार खाल्ला’ म्हणतात. एक बाई आकडा सांगितला की क्षणभर गप्प बसतात. त्यांच्या लेखात आकड्यानंतर परिच्छेद संपतो. वही भरली की मगच लिहायला घेते.

आता पैसे, कारण त्या मुलीला खरं तेच हवं होतं. पहिल्या भाषणाचे मला २,००० रुपये मिळाले. पुढची दोन वर्षं अर्धा दिवस मुद्रितशोधन करून मी हे काम धरून ठेवलं. कामं आली ती एकानं दुसऱ्याला सांगून. शिवाय मराठा चेंबर या पुण्यातल्या उद्योजकांच्या संस्थेच्या कार्यक्रमांना जाऊन मी मागच्या रांगेत बसायची. व्याख्यानापेक्षा नंतरच्या प्रश्नोत्तरांत कोण काय बोलतंय ते ऐकायची, कारण तिथे लोक कागदाशिवाय बोलतात. मानधन शब्दांच्या हिशेबानं लावू नका. पुस्तकासाठी पंचवीस-तीस तास नुसतं ऐकण्यात जातात आणि त्या तासांचे शब्द कुणी मोजत नाही.

चौथ्या वर्षी एका पुस्तकाचे निम्मे पैसे बुडाले. सगळं तोंडी ठरलं होतं. पुस्तक छापून आलं, प्रकाशन झालं, फोन उचलणं बंद झालं. तेव्हा मी १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचायला घेतला. आमच्यासारख्या स्वतंत्रपणे लिहून देणाऱ्यांच्या बाबतीत करारच नसेल, तर हक्काचा पहिला मालक साधारणपणे लिहिणाराच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. आता माझ्या करारात पहिलंच कलम असतं : पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क तुमचे, कायमचे. पैसे चार हप्त्यांत, पहिला पहिल्या बैठकीच्या आधी. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, केली आहे. त्यामुळे करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या आत पैसे देणं समोरच्यावर बंधनकारक होतं. आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे जायला लागली की जीएसटीसाठी सीए गाठा, स्वतः डोकं लढवू नका.

सगळंच लिहून देते असं नाही. आपल्या इंजिनिअरनं केलेलं डिझाइन स्वतःच्या नावावर सांगणाऱ्या एकाला मी नाही म्हटलं. गप्पच बसायचं ठरवून आलेल्या माणसाचंही लिहीत नाही. तिथे मला मनानं रचावं लागेल, आणि मग ते त्याचं राहणार नाही.

एकदा भोसरीच्याच साहेबांचा फोन आला. रात्रपाळीत प्रेसवर अपघात होऊन एक जुना कामगार गेला होता. त्याच्या घरच्यांना पत्र पाठवायचं होतं. “तुम्ही नीट लिहाल,” ते म्हणाले. मी गेले, पण वही काढली नाही. म्हटलं, साहेब, हे तुम्हीच लिहा, मी इथेच बसते. ते बराच वेळ नुसते बसून राहिले. मग लेटरहेड बाजूला सारून त्यांनी आखीव कागद मागवला आणि सहा ओळी लिहिल्या. कामगाराचं नाव, तो कधी लागला, पहिल्या पगारातून त्यानं सगळ्यांना पेढे वाटले होते ते, आणि माझ्याकडे राहिलेलं तुमचं काम मी करीन, एवढंच. कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “शुद्धलेखन तेवढं बघा.”

तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं. मी कागदाची घडी घातली आणि तसाच पाकिटात ठेवला.