आमची वाटचाल: प्रबंध, पोथ्या आणि एक स्पर्धा

ऑक्सफर्डजवळच्या आमच्या बाइंडिंगच्या कारखान्याची रोजीरोटी चालते ती विद्यापीठाच्या प्रबंधांवर. विद्यार्थी आता बरंच काही पीडीएफवर भागवतात, पण आईवडिलांच्या हातात द्यायला एक बांधीव प्रत लागतेच. गडद निळं किंवा काळं कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं. हे काम आम्ही मनापासून करतो, कारण घराचं भाडं त्यातूनच निघतं. पण धंद्याला आज जी ओळख आहे ती एका स्पर्धेमुळे मिळाली, म्हणून इथे तिच्याबद्दलच जास्त लिहिते आहे.

बाबांचं पुण्यात बुधवार पेठेत बाइंडिंगचं दुकान होतं. अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांचे फर्मे, म्हणजे छापलेले पण न शिवलेले कागद, हातगाडीवरून यायचे. घडी, जुळणी, शिलाई, पाठीला खळ, मग पुठ्ठा. खळीत मोरचूद घातला की कसर लागत नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. लग्न होऊन इंग्लंडला आले तेव्हा हेच एक कसब सोबत होतं. नवऱ्याने गॅरेज रिकामं करून दिलं, जुनं कटिंग मशीन विकत घेतलं, आणि हिशेबाची बाजू तेव्हापासून त्याच्याकडेच आहे.

2009 साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बोडलियन ग्रंथालयात एक प्रदर्शन पाहिलं. 'डिझायनर बुकबाइंडर्स' ही ब्रिटिश बाइंडरांची संस्था, 1968 पासून या नावाने चालते. तिने बोडलियनच्या साथीने पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली होती. विषय होता पाणी. त्यासाठी मुद्दाम छापलेल्या कवितांचं एकच पुस्तक सगळ्यांनी बांधायचं. मजकूर तोच, कागद तोच, आणि तरी काचेमागे ठेवलेलं प्रत्येक पुस्तक वेगळं. कुणी लाटा दाखवल्या होत्या, कुणी नुसती ओल.

तोवर मला वाटायचं, बाइंडरचं काम मजकूर संपल्यावर सुरू होतं. त्या दालनात कळलं की ही माणसं आधी पुस्तक वाचतात आणि मग सुईत दोरा ओवतात. आमच्या कारखान्याचा आजचा नियम तिथून आला. प्रबंध असो की कुणाच्या आजोबांची रोजनिशी, थोडं तरी वाचल्याशिवाय भाव सांगायचा नाही. यात वेळ जातो, नवरा कुरकुरतो, तरी हा नियम मी मोडू देत नाही.

स्पर्धेची पारितोषिकं सर पॉल गेटी या पुस्तकप्रेमी, दानशूर गृहस्थांच्या नावाची आहेत, आणि पारितोषिक मिळालेलं काम बोडलियनच्या संग्रहात कायमचं जातं. गेटींनी आपल्या वर्म्सली इस्टेटीवर दुर्मिळ पुस्तकांचं आणि जुन्या बाइंडिंगचं मोठं ग्रंथालय उभारलं. त्याच इस्टेटीवर त्यांनी क्रिकेटचं एक देखणं मैदानही केलं, हे आपल्या लोकांना आवर्जून सांगावंसं वाटतं. 2013 ला विषय होता शेक्सपिअर, आणि पहिलं पारितोषिक डॉमिनिक रायली यांना मिळालं. मधल्या वर्षांत मी संध्याकाळच्या वर्गांना जाऊन चामडी काम शिकले. बाबांच्या दुकानात रेक्झिन आणि कापडच जास्त, त्यामुळे बकऱ्याचं कातडं कडेला कागदाइतकं पातळ तासणं माझ्या हाताला नवीन होतं. सोनं चढवण्याचं काम त्याहून अवघड. अंड्याच्या पांढऱ्याचा हात कातड्यावर द्यायचा, वर्ख ठेवायचा आणि तापवलेला पितळी ठसा त्यावर दाबायचा. ठसा किती तापला हे ओल्या स्पंजवर टेकवून कानाने ठरवायचं. जोरात चर्र वाजला तर कातडं जळणार, अगदीच गप्प बसला तर सोनं चिकटणार नाही.

2017 चा विषय जाहीर झाला: पुराणकथा, वीर आणि दंतकथा. या वेळी पुस्तक ज्याने त्याने निवडायचं होतं. मला कर्णाशिवाय दुसरं काही सुचेना. बाबांनी पुण्यातल्या एका प्रेसमधून कर्णावरच्या मराठी पुस्तकाचे न शिवलेले फर्मे मिळवून पाठवले. सूर्य, रथ, धनुष्य यातलं काहीही मुखपृष्ठावर घ्यायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. गडद तांबड्या कातड्यात छातीच्या आकाराचा एक खोलगट भाग ठेवला, कडा मुद्दाम खरबरीत, आणि वर दोन लहान पोकळ वर्तुळं. कवच आणि कुंडलं काढून दिल्यावर जे उरतं ते. सगळं सोनं मी मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला नेलं, म्हणजे पुस्तक शेवटपर्यंत उलटल्यावर, दान घेणाऱ्याच्या हाती पडावं तसं ते दिसेल. पाठीच्या टोकाला असते ती शिरपट्टी केशरी रेशमाने हाताने विणली.

पारितोषिक मिळालं नाही. तरी तो वेळ वाया गेला असं मला कधीच वाटलं नाही. पाठ आणि पुठ्ठा यांमधला सांधा इतका मोकळा हवा की पुस्तक टेबलावर आपणहून उघडं राहील, चारही बाजूंना पुठ्ठ्याची कड सारखी बाहेर हवी, आत वळवलेलं कातडं बोटाला लागता कामा नये. ही शिस्त त्या एका पुस्तकाने लावली आणि ती आता रोजच्या प्रबंधांतही दिसते. ज्यांना धंद्याचं गणित विचारायचं असतं त्यांना सांगते, असं पुस्तक जितका वेळ खातं तितके पैसे कुणीच देत नाही. तो खर्च आम्ही शिक्षणाच्या खात्यावर टाकतो.

फळ मात्र अनपेक्षित दिशेने आलं. कर्णाच्या पुस्तकाचे फोटो मराठी घरांत फिरले आणि लंडन, स्लाउ, बर्मिंगहॅमहून लोक पेट्यांतलं काहीबाही घेऊन येऊ लागले: आजीची पारायणाची पोथी, पाककृतींची वही, मोडीतले कागद. पोथीला मी पाठ शिवत नाही. ती सुट्या पानांचीच असते आणि तशीच राहिली पाहिजे, म्हणून तिला दोन फळ्या आणि सुती रुमाल करून देते. काहींना हे पटत नाही, त्यांना जाडजूड ग्रंथ हवा असतो. मी समजावते, आणि नाहीच पटलं तर काम परत करते.

आता बाबा थकले आहेत, पण व्हिडिओ कॉलवर शिलाई दाखवली की दोरा सैल आहे का हे लगेच ओळखतात. एक शिकाऊ मुलगी आठवड्यातून दोन दिवस येते, तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. पुढच्या स्पर्धेला तिने तिच्या नावाने पुस्तक पाठवावं, असं आमचं ठरलं आहे.

आणि पुस्तकं पाठवणाऱ्यांना एवढी विनंती: पान फाटलं असेल तर तसंच पाठवा, सेलोटेप किंवा फेविकॉल लावू नका. ते काढण्यात जास्त वेळ जातो आणि पानाचाही पापुद्रा निघतो.