दात उजळतात, फिलिंग नाही
भाचीच्या लग्नाआधी दात उजळवून घ्यावेत म्हणून आज दंतवैद्यांकडे गेले असता त्यांनी आधी समोरच्या दातातील माझे जुने कॉम्पोझिट (दाताच्या रंगाच्या राळेचे) फिलिंग तपासले. दात उजळवण्याच्या जेलमधील पेरॉक्साइड हे रसायन एनॅमलमधून (दाताच्या बाहेरील कठीण आवरणातून) डेंटिनपर्यंत (त्याखालच्या थरापर्यंत) झिरपते आणि तेथील रंगद्रव्यांचे ऑक्सिडीकरण करते; त्यामुळे नैसर्गिक दात उजळतो, मात्र फिलिंगची किंवा सिरॅमिक कॅपची मूळ छटा तशीच राहते आणि एरवी लक्षात न येणारा तो तुकडा उठून दिसू लागतो. (जाहिरातींतील हसऱ्या चेहऱ्यांना बहुधा फिलिंग नसतातच.) काही दिवस थंड पाणीही झोंबू शकते. दात उजळवल्यावर फिलिंग लगेच बदलताही येत नाही, कारण दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे नवे कॉम्पोझिट नीट चिकटत नाही. त्यासाठी साधारण २ आठवडे थांबावे लागते. लग्न तोंडावर आल्याने मी केवळ दात साफ करून घेतले.