चार्टर शाळा कोण सुधारतं? सही करणारं कार्यालय

अमेरिकेतल्या चार्टर शाळांचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, या शाळांनी सरकारी शिक्षणाला हलवून जागं केलं. दुसरा म्हणतो, आतून पोखरलं. या भांडणात ज्या कार्यालयाच्या सहीने शाळा सुरू होते आणि ज्याच्या सहीने बंद पडते, त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. त्या कार्यालयाला तिकडे ऑथरायझर म्हणतात. माझ्या मते चार्टर शाळांच्या यशापयशाची खरी किल्ली तिथेच आहे.

थोडी पार्श्वभूमी. चार्टर म्हणजे शाळा चालवण्यासाठी दिलेला परवाना-करार. पहिला चार्टर कायदा १९९१ साली मिनेसोटाने केला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात पहिली शाळा उघडली. पैसा सरकारी, फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. अर्ज जास्त आले तर सोडत. शाळा चालवतं मात्र स्वतंत्र विश्वस्त मंडळ. त्याला शिक्षक नेमण्याची, वेळापत्रक ठरवण्याची, खर्चाची मोकळीक मिळते आणि बदल्यात ठरलेल्या मुदतीत निकाल दाखवायचे असतात. मुदत बहुतेक ठिकाणी पाच वर्षांची, वॉशिंग्टन डीसीत आणि अॅरिझोनात पंधरा वर्षांची. ऑथरायझर कोण, हे प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो. कुठे स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था), कुठे राज्याचं शिक्षण मंडळ (मॅसॅच्युसेट्स), कुठे विद्यापीठ (न्यूयॉर्कमध्ये ‘सनी’ या राज्य विद्यापीठाचे विश्वस्त), कुठे खास नेमलेलं मंडळ (डीसी). इंडियानापोलिसमध्ये तर महापौरांनाच हा अधिकार आहे.

एकाच नावाखाली चालणाऱ्या या शाळांची गुणवत्ता किती वेगवेगळी असू शकते, हे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या शिक्षण-संशोधन केंद्राने २००९ साली दाखवलं. गणितात १७ टक्के चार्टर शाळा आसपासच्या सरकारी शाळांपेक्षा सरस, ४६ टक्के बरोबरीच्या आणि ३७ टक्के चक्क कमी. त्याच केंद्राच्या २०२३ च्या अहवालात चित्र पालटलं होतं: चार्टर शाळांतली मुलं वर्षाला वाचनात सरासरी १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या अभ्यासाइतकी पुढे. यामागे कारणं अनेक आहेत. पण वाईट शाळा बंद करणं आणि चांगल्यांना शाखा वाढवू देणं ही दोन कामं फक्त ऑथरायझरच करू शकतो.

कामाची सुरुवात अर्जापासून होते. चांगल्या ऑथरायझरकडे येणारा अर्ज काही शे पानांचा असतो: अभ्यासक्रम, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीची सोय, विश्वस्तांची माहिती, पाच वर्षांचं अंदाजपत्रक. कागद सुरेख करून देणारे सल्लागार बाजारात भरपूर आहेत, म्हणून खरी परीक्षा मुलाखतीत होते. तिथे विचारायचा सर्वांत उपयोगी प्रश्न अध्यापनशास्त्राचा नसून पटाचा आहे. समजा अर्जात पहिल्या वर्षी ३०० मुलं धरली आहेत आणि आली २२०. पैसा मुलामागे मिळत असल्याने एकूण रक्कम त्याच प्रमाणात, म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त घटते. इमारतीचं भाडं, मुख्याध्यापकांचा पगार, विशेष शिक्षक यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो. तेव्हा ‘८० टक्केच पट भरला तर कोणती पदं भरणार नाही, भाड्याचा करार कोणत्या अटीवर मोडता येईल?’ असं विश्वस्तांना थेट विचारावं, संस्थापकांना नव्हे. विश्वस्त उत्तरासाठी संस्थापकांच्या तोंडाकडे बघू लागले, तर त्या मंडळाचं पुढे काय होणार ते तिथेच कळतं. नव्या शाळा सहसा शिकवण्याच्या पद्धतीवरून बुडत नाहीत; इमारत, पट आणि दुबळं मंडळ या तिन्हींवरून बुडतात.

मग करार. इथे कच्चेपणा राहिला तर पुढची पाच वर्षं नुसती ओढाताण. ‘शाळा दर्जेदार शिक्षण देईल’ असलं वाक्य कोर्टात टिकत नाही. करारात मोजमाप हवं, त्यामागचा आकडा हवा आणि तो आकडा कुठून घेणार तेही हवं. शैक्षणिक बाजूला दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात: मूल आज कुठे आहे आणि वर्षभरात किती पुढे सरकलं. नुसती पहिली मोजली तर सुखवस्तू वस्तीतली शाळा आपोआप चांगली ठरते. नुसती दुसरी मोजली तर आठवीतही नीट वाचता न येणाऱ्या मुलांची शाळा ‘प्रगतिपथावर’ म्हणून सुटते.

पैशाच्या बाजूचे निकष अमेरिकेतल्या ऑथरायझरांच्या राष्ट्रीय संघटनेने, नॅक्साने, बरेच पक्के करून दिले आहेत. चालू मालमत्ता (वर्षभरात रोख होऊ शकणारी) चालू देण्यांच्या (वर्षभरात फेडायच्या) किमान १.१ पट. हातातली रोकड ६० दिवस पुरेल इतकी. ३० ते ६० दिवसांची असेल तर निदान वाढती. प्रत्यक्ष पट अंदाजाच्या ९५ टक्के तरी. कर्ज एकूण मालमत्तेच्या ०.९ पटीपेक्षा कमी. मला यात रोकडीचा आकडा सर्वांत बोलका वाटतो. परीक्षेचे निकाल हाती यायला वर्ष जातं, लेखापरीक्षण त्याहून उशिरा येतं. पण रोकड पंधरा दिवसांवर आलेली शाळा डिसेंबरचा पगार कसा करणार, हे ऑक्टोबरमध्येच दिसतं.

डीसीच्या मंडळाने २०११ पासून अनेक वर्षं शाळांना शंभरपैकी गुण दिले: ६५ किंवा जास्त असतील तर पहिली श्रेणी, ३५ च्या खाली तिसरी. श्रेणी जाहीर होत असे. त्यामुळे पालकांना, शाळेला आणि मंडळाला एकच आकडा दिसायचा आणि तिसऱ्या श्रेणीतल्या शाळेला ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ म्हणता येत नव्हतं.

देखरेखीत ऑथरायझर दोन टोकांना घसरतात. एक टोक म्हणजे पाच वर्षं कुणी फिरकायचंच नाही. दुसरं टोक जास्त फसवं, कारण ते मेहनतीचं दिसतं: दर आठवड्याला एक नवा फॉर्म, पाठ टाचणांची तपासणी, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं वेळापत्रक मागवणं. यातून शाळेची मोकळीक तर जातेच, शिवाय जबाबदारीही पुसट होते. ऑथरायझरने सांगितलेली वाचनपद्धत शाळेने वापरली आणि निकाल पडला, तर दोष कुणाचा? म्हणून चांगला ऑथरायझर काय घडलं ते मोजतो, कसं घडवायचं ते सांगत नाही. डीसीत तपासनीस ठरलेल्या दोन आठवड्यांत केव्हाही, न सांगता वर्गात येऊन बसत, वर्गातलं वातावरण आणि शिकवणं यांना गुण देत आणि अहवाल जाहीर करत. उपाय शोधणं शाळेचं काम.

आता सगळ्यात कठीण भाग: मुदत संपल्यावर चार्टरचं नूतनीकरण नाकारणं. सुनावणीला पालक येतात, मुलं येतात, शिक्षक रडतात आणि त्यांचं म्हणणं खोटं नसतं. वाईट निकालाची शाळाही मुलांना सुरक्षित, आपलीशी वाटू शकते. मंडळाचे सदस्य विरघळतात आणि ‘आणखी एक वर्ष’ देतात. मग आणखी एक. यावर टेक्सासने २०१३ साली कायद्यातच उपाय केला: शैक्षणिक किंवा आर्थिक मानांकनात सलग तीन वर्षं नापास झालेल्या शाळेचं चार्टर रद्द करणं बंधनकारक. मला ही पद्धत पूर्ण पटत नाही, कारण शिक्षण सोडलेल्या मुलांना परत आणणाऱ्या शाळेला तीच फूटपट्टी लावणं अन्याय आहे आणि अशा शाळांसाठी वेगळे निकष करारातच लिहावे लागतात. पण ‘वाचवायचं असेल तर कारण दाखवा’ ही उलटी जबाबदारी योग्य आहे.

शाळा बंद केल्याने मुलांचं भलं होतं का? न्यू ऑर्लीन्समध्ये झालं. २००५ च्या कतरिना वादळानंतर तिथल्या बहुतेक शाळा राज्याच्या ताब्यात गेल्या आणि हळूहळू चार्टर झाल्या. टुलेन विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं, की तिथे शाळा बंद करून किंवा दुसऱ्या संचालकाकडे सोपवून मुलांचे निकाल सुधारले, कारण ती मुलं खरोखर अधिक चांगल्या शाळेत पोचली. त्याच लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूजमध्ये तसं झालं नाही, कारण पुढची शाळा आधीच्यापेक्षा चांगली नव्हती. क्रेडोने २०१७ मध्ये २६ राज्यांतल्या बंद पडलेल्या १,५२२ कमकुवत सरकारी शाळा, चार्टर आणि साध्या दोन्ही, तपासल्या. तिथून निघालेल्यांपैकी निम्म्याहून कमी मुलांना अधिक चांगली शाळा मिळाली.

तेव्हा निर्णयाची तारीख ही शैक्षणिक बाब आहे. पुढच्या वर्षाच्या सोडतीचे अर्ज हिवाळ्यात भरले जातात. बंद करण्याचा ठराव एप्रिल-मेमध्ये झाला तर चांगल्या शाळांच्या जागा संपलेल्या असतात आणि मुलं उरलेल्या जागी, म्हणजे बहुधा तितक्याच वाईट शाळेत जातात. ठराव डिसेंबर-जानेवारीत व्हायला हवा. बंद होणाऱ्या शाळेच्या मुलांना सोडतीत अग्रक्रम हवा, प्रत्येक कुटुंबासाठी एक नेमलेला माणूस हवा आणि विशेष शिक्षणाच्या फायली नव्या शाळेत पोचल्याची पोच हवी. या फायलीच सर्वांत जास्त गहाळ होतात.

पैशाचा पेच वेगळाच. ऑथरायझरला देखरेखीसाठी शाळेच्या अनुदानातून टक्केवारी मिळते, बऱ्याच राज्यांत एक ते तीन टक्के. म्हणजे शाळा जितक्या जास्त आणि पट जितका मोठा, तितकं ऑथरायझरचं उत्पन्न जास्त. याची किंमत कॅलिफोर्नियाने मोजली. ए-थ्री या ऑनलाइन चार्टर शाळा चालवणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात २०१९ साली सॅन डिएगो काउंटीत खटला भरला गेला. छोट्या स्कूल डिस्ट्रिक्टांनी शुल्कासाठी दूरदूरच्या ऑनलाइन शाळांना चार्टर दिली होती आणि त्या शाळांनी न शिकणाऱ्या मुलांच्या नावावर पैसे उचलले होते. ओहायोतली इकॉट ही ऑनलाइन शाळा २०१५-१६ मध्ये १५ हजारांवर पट सांगत होती. राज्याने मुलांच्या अभ्यासाच्या नोंदी मागितल्यावर सुमारे ६,३०० चाच पट सिद्ध झाला. जानेवारी २०१८ मध्ये, वर्षाच्या मध्यावर, ती बंद पडली आणि १२ हजारांच्या आसपास मुलांना ऐनवेळी शाळा शोधावी लागली. ऑक्टोबर २०११ ची, मुलांच्या बोटाला शाई लावून केलेली पटपडताळणी आठवणाऱ्या महाराष्ट्रातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. पैसा पटावर आणि पट मोजणारा तोच, तर कागदावर मुलं जन्माला येतातच.

ओहायोने २०१५ मध्ये कायदा बदलून ऑथरायझरांनाच गुण देण्याची पद्धत कडक केली. पुढच्या वर्षीच्या यादीत ६५ पैकी फक्त ५ ‘परिणामकारक’ ठरले, ३९ ‘अपरिणामकारक’ आणि २१ ‘निकृष्ट’. निकृष्ट ठरलेल्याचा अधिकार जाण्याची सोय कायद्यातच होती. याआधी एका ऑथरायझरने हाकललेली शाळा दुसऱ्याकडे जाऊन पुन्हा पाटी लावू शकत असे.

चांगले ऑथरायझर एकेका शाळेपलीकडेही बघतात. मोकळीक मिळालेल्या शाळा अवघड मुलांना हळूच बाहेर ढकलू लागतात, हा चार्टर पद्धतीवरचा सर्वांत गंभीर आणि बऱ्याच ठिकाणी खरा ठरलेला आरोप. न्यू ऑर्लीन्समध्ये २०१२ पासून मुलाला काढून टाकण्याचा निर्णय शाळेच्या हातातून काढून मध्यवर्ती सुनावणी अधिकाऱ्याकडे दिला गेला आणि शाळांच्या प्रवेशासाठी सामायिक अर्ज सुरू झाला. डीसीत २०१३ पासून चार्टर आणि साध्या सरकारी शाळांचे निलंबन, वर्षाच्या मध्यात गळती आणि गैरहजेरीचे आकडे एकाच नमुन्यात शेजारी-शेजारी छापले जाऊ लागले. कुणालाही शिक्षा न करता, फक्त आकडे उघडे पडल्यामुळे मुख्याध्यापकांना स्वतःच्या शाळेचं उत्तर द्यावं लागलं.

आपल्याकडे चार्टर कायदा नाही, पण मुंबई, पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या काही शाळा आकांक्षा फाउंडेशनसारख्या संस्था करारावर चालवतात. तिथे करार करणारी महापालिका ऑथरायझरच्याच जागी असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शाळांचा दर्जा ठरवणारं राज्य प्राधिकरण वेगळं असावं असं म्हटलं आहे. कारण एकच खातं शाळा चालवतं, परवाना देतं आणि तपासतंही. अशा कोणत्याही करारात मला आधी तीन कलमं बघायची असतील: पट कोण मोजणार, कोणत्या आकड्याखाली करार संपेल, आणि संपला तर त्या मुलांची पुढच्या जूनमधली जागा कुणी राखून ठेवायची.