'नू, पगदी!'मधला ससा

सेट दुरुस्तीच्या टेबलावर आला तो 'एलेक्ट्रोनिका आयएम-०२', म्हणजे 'नू, पगदी!', लांडगा आणि सशाच्या सोव्हिएत कार्टूनवरचा, हातात धरून खेळायचा इलेक्ट्रॉनिक खेळ. चार उतरणींवरून अंडी घरंगळत येतात आणि मधला लांडगा टोपलीत ती झेलतो. ज्या बाई घेऊन आल्या त्यांचे वडील ऐंशीच्या दशकात कामानिमित्त मॉस्कोत होते. तक्रार अशी, की अर्धंच चित्र दिसतं आणि जे दिसतं त्याच्या आजूबाजूला सगळे आकार फिकट फिकट उमटलेले असतात. त्यांच्या मुलाने उपायही सुचवून पाठवला होता: निन्टेन्डोच्या 'मिकी माउस'चा जुना सेट ऑनलाइन मिळतो, त्याचा बोर्ड काढून यात घाला. "नाहीतरी ही डुप्लिकेटच आहे ना, दादा?"

खेळ उचललेला आहे, यात वाद नाही. निन्टेन्डोचा 'मिकी माउस' १९८१चा, 'नू, पगदी!' १९८४चा. तिथल्या मिनीच्या जागी इथे ससा, मिकीच्या जागी लांडगा. नियम तेच. त्याच मालिकेतला आयएम-०३ म्हणजे निन्टेन्डोच्याच 'ऑक्टोपस'ची नक्कल आणि आयएम-०४ म्हणजे 'शेफ'ची. पण म्हणून आतला माल अदलाबदलीचा होत नाही. निन्टेन्डोच्या बोर्डावर शार्प कंपनीची एसएम५ए ही चार बिटांची चिप असते, प्लास्टिकच्या चौकोनी वेष्टनात. आयएम-०२ मध्ये असते केबी१०१३व्हीके१-२. आखणी शार्पवरून घेतलेली आहे, पण ती तंतोतंत तीच चिप नाही. शिवाय सोव्हिएत नामकरणात 'बी' म्हणजे बिनवेष्टनाची चिप, आणि शेवटचा '-२' म्हणजे जाड पायांऐवजी पट्टीसारखे पातळ पाय असलेली. चिप उघडीच, पायांच्या रेघा केसासारख्या, वरून कंपाउंडचा, म्हणजे चिप झाकणाऱ्या घट्ट लेपाचा, थर. तिथे गरम सोल्डरिंग आयर्न टेकवून 'बघू काय होतं' असं करायची सोय नाही.

डुप्लिकेट म्हटलं की लोकांचा हात सैल होतो, आणि या सेटवर आधी कोणाचा तरी हात पडून गेला होता. १९८५च्या सुमारास सोव्हिएत देशात सरासरी पगार महिन्याला १९० रुबल होता आणि हा खेळ २५ रुबलांचा. घेणाऱ्याने तो विचार करूनच घेतला असणार.

झाकण उघडलं तर बटण सेलच्या जागी मोबाइलच्या कामात वापरतात तसला छोटा लिथियम-आयन सेल आणि चार्जिंगचा मोड्यूल बसवलेला. 'सेल सारखे बदलायला नकोत' म्हणून आधीच्या दुकानात केलेलं काम. फिकट आकार उमटत होते त्याचं कारण हेच. आयएम-०२ ला दोन बटण सेल लागतात, आजच्या एलआर४४ सारखे, मिळून ३ व्होल्ट. लिथियम-आयन पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट देतो. या एलसीडीला, म्हणजे द्रव-स्फटिकाच्या पडद्याला, दोन कॉमन लाइन्स (अर्ध्या-अर्ध्या तुकड्यांच्या सामाईक जोडण्या) असतात आणि पडद्यावरचा प्रत्येक तुकडा अर्धाच वेळ आपला संदेश घेतो. त्यामुळे 'बंद' तुकड्यावरही थोडं व्होल्टेज राहतंच, पुरवठ्याच्या साधारण ३५ टक्के. ३ व्होल्टला ते १.०६ येतं, तेवढ्याने द्रव जागचा हलत नाही. ४.२ व्होल्टला ते १.४८ होतं आणि बहुतेक साध्या एलसीडींचे तुकडे याच सुमारास काळवंडायला लागतात. म्हणून लांडगा चारही बाजूंना एकदम उभा असल्यासारखा दिसत होता. सेल आणि मोड्यूल काढले आणि टेबलावरच्या सप्लायने मोजून ३ व्होल्ट दिले. फिकट आकार गेले. इतकी वर्षं टिकलेल्या चिपवर ४.२ व्होल्ट घालणाऱ्याने निदान डेटाशीट सोडा, जुन्या सेलवरचा आकडा तरी वाचायला हवा होता.

मग अर्ध्या चित्राकडे वळलो. दोन कॉमन लाइन्स असण्याचा फायदा असा, की पडदाच सांगतो कुठे बघायचं. एक कॉमन सुटली तर अर्धे तुकडे एकदम जातात. एक सेगमेंट लाइन, म्हणजे दोन्ही कॉमनमधल्या एकेका तुकड्याला जाणारी जोडणी, सुटली तर दोनच तुकडे जातात, आणि ते पडद्यावर एकमेकांच्या जवळ असतीलच असं नाही. इथे अर्धे गेलेले, म्हणजे कॉमन. काच आणि बोर्ड यांच्यामध्ये झेब्रा रबराच्या पट्ट्या असतात, एक थर वाहक, एक थर नाही, असे बारीक थर एकाशेजारी एक. आधीच्या माणसाने काच उचलून तशीच परत ठेवली होती आणि पट्टीवर बोटांचं तेल स्पष्ट दिसत होतं.

हे काम मला मनापासून आवडतं, म्हणून नीट सांगतो. पट्टी प्लास्टिकच्या चिमट्याने उचलायची, बोटाने नाही. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडावरून ती रुंदीच्या दिशेने हलकेच ओढायची. लांबीच्या दिशेने घासली तर वाहक थराचा काजळ शेजारच्या थरावर पसरतो आणि दोन लाइन्स जोडल्या जातात. काचेची कड आणि बोर्डावरचे पॅड त्याच कापडाने. अ‍ॅसिटोन मुळीच नाही, काचेवरची पोलरायझरची फिल्म त्याने दुधाळ होते. पट्टी पूर्ण सुकल्यावर बसवायची आणि वरच्या चौकटीचे स्क्रू समोरासमोरचे, पाव-पाव फेरा करत आवळायचे. एकच कोपरा आधी आवळला तर दुसऱ्या टोकाला पट्टी उचलली जाते, आणि फारच आवळला तर काच तडकते. अशी काच आता नवी मिळत नाही.

आणखी एक. चिपला ताल देणाऱ्या घड्याळाच्या स्फटिकावर, ३२७६८ हर्ट्झच्या, ऑसिलोस्कोपचा (विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राचा) प्रोब थेट लावू नका. प्रोबच्या कपॅसिटन्सने, म्हणजे विजेचा भार साठवण्याच्या गुणाने, तो थांबू शकतो आणि चांगली चिप मेली असं वाटतं. सेटला घड्याळ आहेच, ते दुसऱ्या घड्याळाशी जुळवून ठेवून बघायचं. ते वेळ बरोबर दाखवत असेल तर स्फटिक ठीक आहे.

सगळं बसवल्यावर पडदा भरला आणि खेळ सुरू झाला. चिपमधल्या प्रोग्रॅमची तपासणी म्हणून २०० गुणांपर्यंत खेळावं लागतं, कारण तिथे साठलेल्या चुका पुसल्या जातात, आणि पुढे ५०० वर परत. दोनशेवर चुका पुसल्या गेल्या. वेग दर शंभराला थोडा उतरून परत चढतोय, तेही पाहिलं. १००० गुणांवर पडद्यावर कार्टून दिसतं, अशी सोव्हिएत मुलांमध्ये अफवा होती. तसं काही नाही, ९९९ नंतर आकडा शून्यावर येतो.

तरी ससा दिसेना. वरच्या डाव्या खिडकीतून तो डोकावतो, तो तुकडाच उमटत नव्हता, आणि त्याच्याबरोबर दुसरा एक छोटा तुकडाही. दोन तुकडे एकदम, म्हणजे एक सेगमेंट लाइन. पॅडपासून मागे मागे मीटर लावत गेलो तर तुटलेली जागा कंपाउंडच्या आत गेली, चिपच्या पायांकडे. लिथियमचा सेल चिकटवताना कोणी तिथे दाब दिला असेल, किंवा वयामुळे पाय सुटला असेल. बाहेरून सांगता येत नाही.

मी इथेच अडकलो. कारण ससा ही शोभा नाही. तो खिडकीत असताना अंडं पडलं तर पिल्लू बाहेर येऊन पळतं आणि अर्धीच चूक मोजली जाते. तो नसताना अंडं फुटतं आणि पूर्ण चूक. दोन अंडी एकाच वेळी कडेला आली की खेळणारा आधी खिडकीकडे बघतो आणि मग कोणतं सोडायचं ते ठरवतो. चिप आत नियम पाळतेच आहे, अर्धी चूक अर्धीच मोजते आहे. पण खेळणाऱ्याला ते अंडं पडल्यानंतर, पिल्लू पळताना कळतं. म्हणजे हा सेट चालतो, पण खेळ थोडा अंधारात खेळावा लागतो.

कंपाउंड उघडायचा रस्ता आहे. गरम हवेने मऊ करत लाकडी काडीने थर थर खरवडायचा. पण त्याखाली बिनवेष्टनाची चिप आणि केसाएवढे पाय आहेत. एक ओरखडा चुकला तर दोन तुकड्यांऐवजी सगळा पडदा जाईल. बाईंना तसंच समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "ससा राहू दे. बाबांना लांडगा ओळखीचा आहे." बिलावर लिहून दिलं: सेल फक्त दोन एलआर४४ किंवा एसआर४४, एकाच कंपनीचे, एकाच वेळी बदलायचे, आणि खेळणार नसाल तेव्हा काढून ठेवायचे. अल्कलाइन सेल गळला तर पोटॅशियमचा क्षार संपर्कपट्टीखालून बोर्डाच्या तांब्यापर्यंत जातो.

मुलाला वेगळं सांगितलं, की 'मिकी'चा सेट घेऊ नकोस, आयएम-०२ चाच बंद पडलेला, काच फुटलेला सेट मिळाला तर बघ. अशा सेटवर कंपाउंड उघडून बघता येईल, पाय किती खोलवर आहेत आणि किती गरमी सोसतात. तो मिळेपर्यंत त्यांच्या सेटमधल्या त्या लाइनला मी हात लावणार नाही.