ग्रबमध्ये राहिलेला एक शब्द

2024च्या दिवाळीनंतर सातारा जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाला मी नवा कॉम्प्युटर जोडून दिला. रायझन 5 7600 (एएमडीचा प्रोसेसर, ग्राफिक्स चिप त्याच्या आतच), 16 जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही, पुस्तकांच्या नोंदी करायला ते लागतंय कशाला? विंडोजच्या लायसन्सचे पैसे वाचावेत म्हणून उबुंटू ही फुकटची लिनक्स सिस्टिम टाकली. तिसऱ्या दिवशी ग्रंथपाल मॅडमचा फोन, "दादा, जुनाच परत जोडून द्या. तो निदान माझ्या हाताच्या वेगानं चालत होता."

नव्याची सवय नसेल, असं म्हणत गेलो. मॅडमनी काही न बोलता लिबरऑफिस (टायपिंगचं सॉफ्टवेअर) उघडलं आणि 'ज्ञानकोश' टाइप केलं. हात कीबोर्डवरून उचलून झाला, चष्मा वर सरकवून झाला, तेव्हा कुठे शेवटचा 'श' उमटला. विंडो माउसनं ओढली की मागून फरफटत यायची.

आधी नेहमीचं बघितलं. रॅम अडीच जीबीसुद्धा वापरात नव्हती, डिस्क निवांत. कोणता प्रोग्राम सीपीयू किती वापरतो ते दाखवणारा 'टॉप' लावून विंडो हलवली, तर पडद्यावरच्या विंडो सांभाळणारा ग्नोम-शेल 450 टक्क्यांवर! (एका वेळी बारा कामं, म्हणजे बारा थ्रेड, चालवणाऱ्या सीपीयूला 'टॉप' 1200पर्यंत मोजतो, म्हणजे साडेचार थ्रेड नुसते विंडो सरकवण्यात गुंतलेले.) माउस सोडला की दोन-तीन टक्के.

खरं तर तिथंच ओळखायला हवं होतं. पण मी ॲनिमेशन बंद कर, फायरफॉक्सच्या स्नॅप पॅकेजला शिव्या घाल, मराठी टायपिंग सांभाळणारा आयबस रीस्टार्ट कर, यात तासभर घालवला. मग सेटिंग्जमधलं 'अबाउट' उघडलं. ग्राफिक्सपुढे एएमडीचं नाव हवं, तिथं लिहिलेलं 'एलएलव्हीएमपाइप'. म्हणजे ग्राफिक्स चिप नुसती बसून होती आणि पडद्यावरचा ठिपका न् ठिपका सीपीयू रंगवत होता. जोडलेले भाग आणि त्यांचे ड्रायव्हर दाखवणाऱ्या 'एलएसपीसीआय -के' या कमांडमध्येही त्या चिपखाली वापरातल्या ड्रायव्हरची ओळच नाही. शेवटी '/प्रॉक/सीएमडीलाइन' बघितली; सुरू होताना कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, दिलेल्या सूचना तिथं दिसतात. त्यात 'नोमोडसेट', म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर लावू नको.

हा शब्द तिथं घातला कोणी? मीच.

माझ्या पेनड्राइव्हवर उबुंटू 22.04ची अगदी पहिली आवृत्ती होती, कर्नल 5.15. हा प्रोसेसर त्यानंतर बाजारात आलेला, त्यामुळे त्याच्या ग्राफिक्सची ओळख त्या कर्नलला नव्हती. इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी झाली, म्हणून 'नोमोडसेट' देऊन काम उरकलं. नंतर मशीन सुरू तरी व्हावं म्हणून तोच शब्द ग्रबच्या, म्हणजे कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलमध्ये टाकला, आणि विसरलो. रात्री अपडेट लावले तेव्हा कर्नल 6.8 आला, नवा मेसा (ग्राफिक्सची लायब्ररी) आला, चिपचं फर्मवेअर आलं. औषध त्याच रात्री पोचलं होतं, माझा शब्द दार अडवून बसला होता. रिझोल्यूशनच्या यादीत एकच पर्याय दिसत होता, तेही मी मॉनिटरच्या माथी मारलं होतं.

'/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब'मधून तो शब्द काढला, 'सुडो अपडेट-ग्रब' चालवलं, रीबूट केलं. सगळं मिळून दोन मिनिटं. मॅडमनी पुन्हा 'ज्ञानकोश' टाइप केलं. या वेळी चष्म्याला हात गेला नाही.

"काय झालं होतं हो?"

"ग्राफिक्सची सेटिंग राहिली होती."

"कुणाची?"

मी बॅग आवरायला घेतली. त्यांनी भेटीची नोंदवही पुढे सरकवली. 'कामाचा तपशील' या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना. शेवटी 'किरकोळ दुरुस्ती' लिहिलं, आणि 'शुल्क'मध्ये शून्य.